भावाला हॉजकिन लिम्फोमा निघालाय, बेळगावातच ट्रीटमेंट घ्यावी की मुंबईला न्यावं? सल्ला हवाय

अनगोळची_अक्का

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला, वय २४, हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघालाय. मानेला गाठ होती, संध्याकाळी ताप यायचा, रात्री घामानं बनियन भिजून जायचं, वजन पण उतरलं. आधी एका ठिकाणी सुईनं तपासून टीबी म्हणून गोळ्या चालू केल्या, गाठ काय कमी होईना, मग दुसऱ्या डॉक्टरांनी अख्खी गाठ काढून बायोप्सी केली तेव्हा कळलं. पेट स्कॅनमध्ये (आजार अंगात कुठं पसरलाय ते बघायचा स्कॅन) मान आणि छाती दोन्हीकडं दिसतंय, स्टेज २बी म्हणाले, एबीव्हीडी केमो इथंच पुढच्या आठवड्यात सुरू करूया म्हणतायत.

आता घरात मामा म्हणतात मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला न्या, काका म्हणतात बेंगळूरला किदवई कॅन्सर हॉस्पिटलला न्या, शेजारचे कुठलीतरी पुडी आणून द्यायलेत. आईनं त्याचं ताट-तांब्या वेगळा केलाय. तो कुणाशीच बोलत नाही, रात्रभर मोबाइलवर ह्याच आजाराचं वाचत पडलेला असतो. उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर कामाला आहे, तीन वर्षं झाली, पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापतात. कुठं न्यावं, पैशाचं कसं करावं आणि त्याच्याशी बोलायला ह्यातून गेलेलं कोणी मिळेल का, प्लीज सांगा.

वडगावचा_मागवाला

अक्का, मला हाच आजार होता, माझी स्टेज ३ होती आणि आज मी माग चालवतोय, त्याला हे आधी दाखवा. हा मुळापासून बरा करायचा म्हणूनच ट्रीटमेंट देतात असा कॅन्सर आहे. सुरुवातीच्या स्टेजमध्ये दहातले साधारण नऊ जण बरे होतात, चौथ्या स्टेजचे पण भरपूर बरे होतात, त्यामुळं दुसऱ्या कुणाच्या दुसऱ्या कॅन्सरची गोष्ट ऐकून स्टेजचा हिशोब लावू नका.

कुठं न्यावं त्याबद्दल माझं मत एकदम ठाम आहे. सल्ला मोठ्या ठिकाणचा घ्या पण केमो घराजवळ घ्या. एबीव्हीडी म्हणजे चार औषधं, परळला टाटात देतात तीच इथं देतात. दर १५ दिवसांनी एकदा, सकाळी जायचं संध्याकाळी घरी, दोन वेळा मिळून एक सायकल, आणि असं चार-सहा महिने चालतं. केमोनंतर दोन-तीन दिवस माणूस गळून जातो, त्या अवस्थेत मुंबई-बेळगाव करायचं म्हणजे पेशंटचे पण हाल आणि सोबतच्याचे पण. शिवाय ताप. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप आला की रात्रीचे दोन वाजलेले असूदेत, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटलला जायचं, कारण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. त्या वेळी हॉस्पिटल अर्ध्या तासावर पाहिजे. थर्मामीटर आजच घेऊन ठेवा.

दोन सायकल झाल्या की परत पेट स्कॅन करतात आणि त्यावर पुढचं ठरतं. माझा तो स्वच्छ आला, तिथनं पुढं त्या चारातलं ब्लिओमायसिन हे औषध बंद केलं, ते फुप्फुसाला त्रास देऊ शकतं म्हणून. भाऊ सिगरेट ओढत असेल तर आज बंद. आणि पहिल्या डोसनंतर लघवी लाल होते, केमोतलं एक औषधच लाल असतं, ते बाहेर पडतं, रक्त नव्हे. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी हादरलो होतो, म्हणून सांगतोय.

निपाणीची_वैनी

आमच्या ह्यांचं वेगळं होतं, नॉन-हॉजकिन लिम्फोमा, आम्ही टाटाला गेलो होतो. वरच्या दादांचं बरोबर आहे. टाटाला जायचंच तर बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात घालून ठेवलेला असतो ते) दोन्ही इथल्या लॅबमधनं मागून न्या, तिथले पॅथॉलॉजिस्ट परत बघतात. नुसता रिपोर्ट नेला की परत फेरी पडते. पेटची सीडी पण न्या. हुबळी-दादर गाडी सोयीची आहे, दादरहून परळ जवळ. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सूट आहे, सोबतच्याला ७५ टक्के, हॉस्पिटलकडनं त्यांच्या नमुन्यातलं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडं आधी फोन करा, जागा लगेच मिळेलच असं नाही.

आईंना एवढं सांगा की हा संसर्गाचा आजार नव्हे, एका ताटात जेवलं तरी होत नाही. उलट जपायचं आहे ते पोराला, बाहेरच्यांपासून. भेटायला येणाऱ्यांची गर्दी आम्ही दारातच थांबवली, सर्दी-खोकला असलेल्याला तर अजिबात आत घेतलं नाही, लोकांना राग आला तर येऊदे. कच्ची कोशिंबीर, बाहेरची पाणीपुरी बंद, उकळलेलं पाणी, सोलून खायची फळं. यल्लम्माला नवस बोला, आम्ही पण बोललो होतो, पण ती पुडी मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नका, केमोच्या औषधांबरोबर लिव्हरवर काय होईल सांगता येत नाही.

एचआर_टिळकवाडी

ईएसआयचं मी बघतो म्हणून लिहितोय. अशोकनगरच्या ईएसआय हॉस्पिटलमधनं रेफरल घ्या, कॅन्सरच्या ट्रीटमेंटला पुढं पाठवतात. रेफरलच्या आधी स्वतःच्या पैशानं केमो सुरू केली की नंतर बिल मंजूर करून घ्यायला फार त्रास होतो, म्हणून उद्याच जा. दुसरं, पगार थांबणार म्हणून घाबरू नका. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के मिळतात, पण ३४ मोठ्या आजारांची यादी आहे, त्यात कॅन्सर आहे, त्यात पगाराच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त २ वर्षांपर्यंत. त्यासाठी २ वर्षं सलग नोकरी आणि वर्गणीचे ठराविक दिवस भरलेले लागतात, तीन वर्षं झालीत म्हणजे बहुतेक बसतंय. राजीनामा देऊ नका, कंपनीनं गोड बोलून मागितला तरी देऊ नका.

अनगोळची_अक्का

सगळ्यांचे खूप आभार, रडू आलं वाचून. दादा, त्याला तुमचं वाचायला दिलं, पहिल्यांदा काहीतरी विचारलं त्यानं, की लग्न वगैरे होईल का पुढं. मला काय सांगावं कळेना.

वडगावचा_मागवाला

होईल की. पण अक्का, हे बरं झालं विचारलात, कारण ह्याला वेळ थोडा आहे. पहिल्या केमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवता येतं, स्पर्म बँकिंग म्हणतात. एबीव्हीडीनं मूल होण्यावर कायमचा परिणाम व्हायची शक्यता कमी असते, तरी पण खात्री कोणी देत नाही, आणि हे काम एक-दोन दिवसांत होतं, केमो काय त्यासाठी लांबत नाही. आपल्याकडं डॉक्टर पण विचारत नाहीत आणि घरचे पण लाजतात. तुम्हाला बहीण म्हणून बोलायला जड जाणार, मामांना नाहीतर त्याच्या दोस्ताला सांगा, नाहीतर मी बोलतो. हृदयाचा टूडी एको आणि फुप्फुसाची पीएफटी (फुप्फुसं किती चालतात ते बघायची तपासणी) झालीय का ते पण विचारा, दोन्ही सुरुवातीच्या आधी पाहिजेत.

बोलायला माणूस पाहिजे म्हणालात, तर व्ही केअर फाउंडेशन म्हणून मुंबईत संस्था आहे, वंदना गुप्ता ह्यांनी सुरू केली, त्यांना स्वतःला लिम्फोमा झाला होता. तिथं कॅन्सरमधून उठलेली माणसं पेशंटशी बोलतात. रात्री फारच घालमेल झाली तर टेलीमानस १४४१६, मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत पण बोलतात कन्नडमध्ये पण. रात्रीचं मोबाइलवर वाचणं मात्र सोडवा, मी पण तेच करायचो, जुने आकडे आणि परदेशातले वाईटातले वाईट किस्से वाचून झोप उडते.

रविवारी मी गोवावेसला येणारच आहे, त्याला आणा चहाला. नको म्हणाला तर जबरदस्ती नको, नंबर मेसेजमध्ये पाठवतो, त्याला वाटेल तेव्हा फोन करूदे. आला तर फाइल आणि एक कोरी वही घेऊन या, डॉक्टरांना विचारायचं सगळं लिहून काढू.