जुन्या मर्सिडीजचा ऑटोमॅटिक गिअर लिव्हर ढिला झाला आहे. गिअरबॉक्स न उघडता दुरुस्त होईल का?

तीनशे डी, पुणे

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९८२ सालची मर्सिडीज ३०० डी आहे. १२३ मालिकेतली ही गाडी पाच सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची असून तिला चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. गेल्या काही महिन्यांत तिचा गिअर लिव्हर बराच ढिला झाला आहे. 'एन'वर (न्यूट्रल) असताना तो पुढेमागे बोटभर हलतो आणि 'डी'त (ड्राइव्ह) टाकल्यावर खाचेत बसला की नाही, हे हाताला कळत नाही. 'पी'मध्ये (पार्किंग) चावी फिरवली तर कधी स्टार्टर फिरतो, कधी काहीच होत नाही. लिव्हर पुढे रेटून धरला की मात्र लगेच फिरतो. रिव्हर्सचा पांढरा दिवाही लागला तर लागतो. गिअर एकदा पडला की गाडी कोणताही झटका न देता पूर्वीसारखीच चालते.

एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी लेथवर पितळी बुश (जोडातल्या भोकात बसणारी छोटी नळी) करून बसवू, म्हणजे पुन्हा बघायला नको, असा सल्ला मिळाला. यापैकी कोणता मार्ग योग्य आहे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाना-पक्कड

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण मला तरी दिसत नाही. गिअर पडल्यावर गाडी नीट ओढते, याचा अर्थ आतली यंत्रणा शाबूत आहे. बिघाड लिव्हर आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या लिंकेजमध्ये असणार. या गाडीत केबल नसून लिव्हरच्या खालच्या टोकापासून गिअरबॉक्सवरच्या सिलेक्टर आर्मपर्यंत लोखंडी रॉड जातो आणि त्याच्या जोडांमध्ये प्लास्टिकची छोटी बुश असतात. चाळीस वर्षांची उष्णता आणि वरून ठिबकणारे तेल यांमुळे ही बुश आधी कडक होतात, मग तडकतात आणि शेवटी तुकडे होऊन गळून पडतात. मग पिन मोकळ्या भोकात खुळखुळत राहते.

स्टार्टरच्या लहरीपणाचे मूळही तिथेच असावे. फक्त 'पी' आणि 'एन'मध्ये स्टार्टर फिरू देणारा स्विच गिअरबॉक्सच्या बाजूला, सिलेक्टरच्याच शाफ्टवर बसवलेला असतो आणि रिव्हर्सच्या दिव्याचा संपर्कही त्याच्यातच असतो. वर लिव्हर 'पी'वर दिसत असला तरी खाली आर्म थोडा अलीकडेच थांबला, तर स्विच जुळत नाही. आपण लिव्हर पुढे रेटता तेव्हा जोडातला तेवढा प्ले (ढिलेपणा) भरून निघतो आणि स्टार्टर फिरतो.

खात्री करून घ्यायची असेल तर इंजिन बंद ठेवून, गाडी पिटवर (खालून काम करण्यासाठीच्या खड्ड्यावर) घेऊन एकाला लिव्हर हलवायला सांगा आणि आपण खालून टॉर्च मारून बघा. लिव्हरचे खालचे टोक हलते पण रॉड जागचा हलत नाही, असे दिसले तर पुढचे बुश गेले आहे. रॉड सरकतो पण गिअरबॉक्सवरचा आर्म उशिरा हलतो, असे असेल तर मागचे. आर्म प्रत्येक खाचेत टक्कन बसत असूनही गिअर पडत नसेल, तरच आतल्या दुरुस्तीचा विचार करावा. दोष कोणत्याही टोकाला सापडला तरी सगळी बुश एकदमच बदलावीत, कारण त्यांचे वय सारखेच असते.

डिझेलचा धूर, कोल्हापूर

वरील निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. पितळी बुशाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो आणि ऐकायला पटतोही.

लिव्हर गाडीच्या बॉडीला पक्का बसवलेला असतो, तर इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर तरंगते असतात. हे डिझेल इंजिन आयडलवर किती हलते, ते बॉनेट उघडून एकदा पाहावे. हे सगळे हलणे लिंकेजच्या या जोडांना सोसावे लागते आणि म्हणूनच तिथे मऊ प्लास्टिक ठेवलेले आहे. पितळी बुश बसवले की तीच थरथर लिव्हरमधून हातात येते, केबिनमध्ये खडखड सुरू होते, आणि धूळ-चिखल शिरून ग्रीस वाळले की लिव्हरची पिन झिजू लागते. बुश स्वस्तात बदलता येते. पिन झिजली तर लिव्हरचा अख्खा जोड शोधत फिरावे लागते. शिवाय हेच बुश १२६ मालिकेसारख्या इतर जुन्या मर्सिडीजमध्येही वापरलेले असल्यामुळे ते आजही नवे मिळते.

अजून एक गोष्ट तातडीची आहे. लिंकेज इतके ढिले असताना 'पी'वर विसंबून गाडी उतारावर मुळीच उभी करू नये. आतला पार्किंगचा खटका पूर्ण अडकला नसेल तर गाडी घरंगळू शकते. काम होईपर्यंत पार्किंग ब्रेक प्रत्येक वेळी लावावा आणि चाकाला दगड किंवा लाकडी ओंडका द्यावा. पिट नसेल आणि गाडी उचलावीच लागली, तर नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, घोड्या (गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड) लावाव्यातच.

तीनशे डी, पुणे

दोघांचेही मनापासून आभार. टॉर्च मारून पाहिले. पुढच्या बुशाचा मागमूसही उरलेला नाही आणि मागचे अर्धे तुटले आहे. नवी मागवली आहेत. ती बसवताना काय काळजी घ्यावी आणि नंतर काही सेटिंग करावे लागते का?

पाना-पक्कड

क्लिप काढून रॉड पिनवरून सरकवला की जुन्या बुशाचे उरलेले तुकडे सहज निघतात. भोक आणि पिन दोन्ही स्वच्छ पुसून घ्यावीत. नवे बुश काही मिनिटे गरम पाण्यात ठेवले की नरम पडते. मग पकडीच्या जबड्यांना कापड गुंडाळून ते सरळ दाबावे. वाकडे दाबले तर त्याची कड चिरते. खाचेत बसताना ते स्पष्ट जाणवते. पिनला थोडे ग्रीस लावावे आणि क्लिप सैल झाली असेल तर नवीच घालावी.

सेटिंगच्या आधी गिअरबॉक्सचे मागचे रबरी माउंटिंग तपासावे, कारण ते दबून खचलेले असेल तर गिअरबॉक्सच खाली झुकतो आणि रॉडचे माप फसते. सेटिंग करताना गाडीचा भार चारही चाकांवर असावा, म्हणजे पिटच बरा. गिअरबॉक्सवरचा आर्म 'एन'मध्ये ठेवावा, रॉडवरचा लॉकनट सैल करावा आणि लिव्हर व त्याच्या खाचेतली 'एन'ची कड यांच्यात साधारण १ मिलिमीटर अंतर राहील इतकी रॉडची लांबी ठेवून नट पुन्हा आवळावा. त्यानंतर ब्रेक दाबून धरून 'पी' आणि 'एन' दोन्हींत स्टार्टर फिरतो का, 'आर'मध्ये (रिव्हर्स) दिवा लागतो का आणि बाकीच्या कोणत्याही स्थितीत स्टार्टर बंद राहतो का, हे पाहावे. एवढे करूनही स्टार्टर कधी फिरतो, कधी नाही, असेच राहिले, तर मात्र त्या स्विचचीच जुळणी करावी लागेल.

लिव्हर पुढेमागे घट्ट झाला तरी डावी-उजवीकडे थोडा हलतच राहील, अशी शक्यता आहे. तो प्ले रॉडचा नसून लिव्हरच्या स्वतःच्या बिजागरीचा असतो आणि त्यासाठी वरून कन्सोल काढावा लागतो. गिअर व्यवस्थित पडत असतील तर ते काम सवडीने करायला हरकत नाही.