उतारावर वेडेलिया लावावी का?

परसबागप्रेमी:
नमस्कार. चिपळूणजवळ आमच्या घरामागे जांभ्याचा उतार असून तेथील माती दर पावसाळ्यात धुपून खालच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, जाते. ती धरून ठेवण्यासाठी रोपवाटिकेत वेडेलिया सुचवण्यात आली. जवळजवळ बारमाही पिवळी फुले देणारी ही सरपटणारी वनस्पती उतारावर टिकेल का आणि ती म्हणजेच आपला माका का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिरवा कोपरा:
टिकण्याविषयी शंका नको. जमिनीला टेकलेल्या पेरांपासून तिला मुळे फुटतात, त्यामुळे मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर दोन-तीन पेरांचे तुकडे वीतभर अंतरावर खोचले तरी पुरते. सावलीतही ती जगते. फुलांचा बहर मात्र उन्हातच येतो. माका वेगळा, त्याची फुले बारीक व पांढरी असतात. पिवळा माका तिचा जवळचा नातलग आहे खरा, पण त्याची पाने लांबट व अखंड असतात, तर वेडेलियाच्या तुकतुकीत पानाला बहुधा दोन्ही बाजूंना एकेक टोक फुटलेले दिसते.

रानवाट:
वरील माहिती योग्यच आहे. तथापि पऱ्ह्याचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. ही वनस्पती मूळची मध्य अमेरिका व कॅरिबियन भागातील असून, जगातील १०० सर्वाधिक उपद्रवी परकीय आक्रमक जातींच्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तिचा समावेश आहे. तिचा प्रसार मुख्यतः तुटलेल्या खोडांतून होतो. पावसात उतारावरून निसटलेला तुकडा पऱ्ह्याच्या काठी अडकला की तेथे रुजतो आणि एकदा दाट गालिचा झाला की त्याखाली स्थानिक रोपांना डोके वर काढता येत नाही. रोपवाटिकांमध्ये हे क्वचितच सांगितले जाते. माती धरण्यासाठी उताराला आडव्या ओळींत वाळा लावावा, कारण त्याची मुळे खोल जातात, तर वेडेलियाची वरच्या थरातच राहतात. फुलांची हौस असेल तर तिला टांगत्या कुंडीत ठेवावे.

परसबागप्रेमी:
आभारी आहे. वाळाच लावतो. कुंपणापाशी पूर्वीच्या मालकांनी लावलेला वेडेलियाचा एक पट्टा आहे, तो कसा काढावा?

रानवाट:
पावसाने जमीन मऊ असताना मुळांसकट उपटावा. निघालेला पाला खतखड्ड्यात ओला टाकू नये. पत्र्यावर किंवा पडवीत पसरून खोडे कुरकुरीत वाळेपर्यंत ठेवावीत. राहिलेली पेरे पुन्हा फुटतात, त्यामुळे पुढचे काही महिने नजर ठेवून नवे कोंब उपटत राहावे लागेल.