मदत हवी आहे : जुना निन्टेन्डो स्विच (हातात धरून खेळायचं गेमयंत्र) दुरुस्त करू, ओएलईडी घेऊ की थेट स्विच २? (वापर : जालना-संभाजीनगर अप-डाऊन)

अपडाऊनवाली :

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण पैशाचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

मी जालन्याची. नोकरी छत्रपती संभाजीनगरला, एका लॅबमध्ये. रेल्वेचा पास आणि रोजचं अप-डाऊन. क्रॉसिंग नसलं तर तासाभरात पोचते, असलं तर बदनापूरला नाहीतर करमाडला बसा शेंगा खात. रील्स बघून डोकं उठतं, म्हणून त्या वेळात मी गेम खेळते. डब्यातल्या बायकांना आता सवय झालीये. आधी विचारायच्या, "पोराचं आणलंस का गं?"

माझ्याकडे निन्टेन्डो स्विच आहे, २०१७ मध्ये आलेलं पहिलं मॉडेल. भावानं आखातातून येताना आणलं होतं. आता त्याला दोन दुखणी लागलीत. एक म्हणजे बॅटरी बसलीये. जालन्याला शंभर टक्के दाखवते, बदनापूर येईस्तोवर अर्ध्यावर येते आणि करमाडच्या अलीकडे-पलीकडे तीस टक्क्यांवरून एकदम बंद. दुसरं, डाव्या जॉय-कॉनची (बाजूला लावायच्या कंट्रोलरची) स्टिक आपोआप वर सरकते. माझं बोट लागलेलंही नसतं आणि गेममधला माझा गडी चालत चालत कड्यावरून खाली.

डोक्यात तीन विचार आहेत : हाच दुरुस्त करायचा, स्विच ओएलईडी (त्याचंच चांगल्या पडद्याचं मॉडेल) घ्यायचा, नाहीतर सरळ नव्या पिढीचा स्विच २. घरी दिवाळीला भाचेमंडळी आली की टीव्हीला लावून चौघंचौघं खेळतो, तोही वापर धरा. कार्ट्रिज (यंत्रात घालायची गेमची कार्डं) मूठभर आहेत, सगळी जपून ठेवलेली.

बोनस बाजूला ठेवलाय, पण तो सगळा यात घालावा का? घरात मत असं की तेवढ्यात डबल डोअर फ्रिज येतो. शहरातल्या एका दुकानदारानं स्विच २ चा भाव पन्नास हजारांच्या पुढं सांगितला आणि बिलाचं विचारलं तर "ते बघू की नंतर" म्हणाला.

"मोबाईलवरच खेळ" हे उत्तर कृपया देऊ नका. ते घरी रोज मिळतं.

मांजराकाठ :

ताई, मी लातूरचा. स्विच २ वापरतो, म्हणून बोलायचा अधिकार आहे असं समजतो. घ्याच.

तुमच्या यंत्राचा पडदा ६.२ इंची, ७२०पी. याचा ७.९ इंची, १०८०पी आणि १२० हर्ट्झ. आत २५६ जीबी जागा, तुमच्यात ३२. जॉय-कॉन आता रुळावर सरकवायचे नाहीत, चुंबकानं टक्कन बसतात. टीव्हीला लावला की ४के. झेल्डा या साहसी गेममालिकेतल्या स्विचवरच्या दोन्ही मोठ्या गेमना ९.९९ डॉलरचे अपग्रेड पॅक आहेत. जुन्यावर गवतात, गर्दीत शिरलं की चित्र अडखळायचं, आता सरळ चालतं. बऱ्याच जुन्या गेमना तर कंपनीनं अपडेट फुकट दिलंय. तुमची जुनी कार्ट्रिज यात चालतात, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर. पहिल्यांदा नेटला जोडून अपडेट तेवढं करून घ्यावं लागतं.

आणि भाचे येणार असतील तर नवं मारिओ कार्ट फक्त यावरच आहे, जुन्यावर येणार नाही.

गोदातीर :

मांजराकाठ भाऊ, तुम्ही सोफ्यावर बसून खेळायलात. ताई करमाडला क्रॉसिंगला उभ्या आहेत. प्रश्न त्यांचा बघा की.

कंपनीनंच दिलेले आकडे मांडतो. २०१७ चा स्विच : अडीच ते साडेसहा तास. २०१९ मध्ये तोच स्विच नव्या चिपनं आला : साडेचार ते नऊ तास. २०२१ चा ओएलईडी : तोही साडेचार ते नऊ. आणि २०२५ चा स्विच २ : दोन ते साडेसहा तास. बॅटरी मोठी आहे, ५२२० एमएएच, पण पडदा आणि चिप दोन्ही ती पिऊन टाकतात. म्हणजे प्रवासाच्या हिशेबानं पन्नास हजार घालून तुम्ही २०१७ च्याच जागी येऊन उभ्या राहता. तुमचा नवा होता तेव्हा तोही एवढाच टिकायचा.

वजनाचंही तेच. तुमचा जॉय-कॉनसकट ३९८ ग्रॅम, ओएलईडी ४२० ग्रॅम, स्विच २ ५३४ ग्रॅम. बसायला जागा मिळाली तर काही नाही, पण दाराजवळ उभं राहून खेळायचं म्हणलं की मनगट बोलायला लागतं.

माझं मत ओएलईडी. ७ इंची पडदा, काळा रंग खरोखर काळा. चिप मात्र जुनीच आहे, गेम जलद होतील अशी आशा ठेवू नका.

एक काम करा. यंत्राच्या मागं बारीक अक्षरात मॉडेल नंबर असतो. एचएसी-००१ एवढंच असेल तर पहिला, पुढं कंसात -०१ असेल तर २०१९ चा.

अपडाऊनवाली :

गोदातीर दादा, बघितलं. एचएसी-००१ एवढंच आहे. म्हणजे पहिलाच.

आकडे वाचून थोडी गारच पडले. मला वाटायचं नवीन म्हणजे बॅटरी जास्तच असणार.

सोल्डरवाला :

परभणीहून. मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, असे स्विच अधूनमधून टेबलावर येतात.

ताई, काही घ्यायच्या आधी एक करून बघा. यूएसबी-सी पीडी (जलद चार्जिंगची सोय) असलेली पॉवर बँक, १८ वॅटच्या पुढची, कुणाकडून तरी एक दिवस मागून घ्या आणि ती लावून गाडीत खेळा. संभाजीनगरपर्यंत यंत्र नीट चाललं, गरम होऊन बंद पडलं नाही, तर बोर्ड ठणठणीत आहे आणि दुखणं फक्त बॅटरीचं. तीस टक्क्यांवरून एकदम बंद होणं हे म्हाताऱ्या बॅटरीचंच लक्षण. आकडा दाखवते तीस, पण जोर लावायची वेळ आली की व्होल्टेज कोसळतं.

मात्र त्याआधी यंत्र सपाट टेबलावर पालथं ठेवून बघा. पाठ फुगलेली दिसली, डुगडुगलं किंवा पडदा कडेनं उचललेला वाटला, तर चार्जिंग लगेच थांबवा. फुगलेली बॅटरी घेऊन गर्दीच्या डब्यात चढू नका. थट्टा नाही ही.

बॅटरी बदलणं अवघड नाही. ४३१० एमएएचची असते, मॉडेल एचएसी-००३. मागचे चार स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात. त्याचं पातं नसेल तर दुकानदार साध्या पेचकसानं ढकलाढकली करतो आणि डोकी घासून टाकतो. दुकानात आधी पातं दाखवायला सांगा. नसलं तर नमस्कार करून निघा. आत बॅटरी डिंकानं चिकटवलेली असते, ती टोकदार वस्तूनं उचकटायची नाही, थोडी ऊब देऊन प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू सोडवायची.

स्टिकचं : आधी सेटिंगमध्ये जाऊन कॅलिब्रेशन करा (म्हणजे स्टिकचा मधला बिंदू यंत्राला परत शिकवा), कधी कधी तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर स्टिकच बदलायची. मूळ स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर बारकी पत्र्याची टोकं घासत असतात. झीज झाली की ती खोटं बोलायला लागते. बाजारात हॉल इफेक्टची स्टिक मिळते, ती चुंबकावर चालते, घासाघासच नाही. तीच टाका. जॉय-कॉनमधल्या रिबनच्या कड्या नखाएवढ्याही नसतात, हात स्थिर असलेल्या माणसाकडंच द्या. मांजराकाठ भाऊंसाठी : स्विच २ च्या स्टिकसुद्धा हॉल इफेक्टच्या नाहीत, हे कंपनीनंच सांगितलंय.

आणि आपल्याकडचा खरा शत्रू वेगळाच आहे. कंपनी म्हणते वापर ५ ते ३५ अंशांत करा. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारी ३५ म्हणजे गार दिवस. बंद डब्यात खिडकीच्या पत्र्याला टेकवून यंत्र ठेवलं, वरून फास्ट चार्जिंग लावलं, तर नवी बॅटरीसुद्धा लवकरच बसणार. मागची-वरची हवेची भोकं रुमालानं झाकू नका. उन्हाळ्यात पोचल्यावर पहिली दहा मिनिटं निवू द्या, मग चार्जर.

निवांत :

सगळे निन्टेन्डोतच अडकलेत. निन्टेन्डो भारतात अधिकृत विकतच नाही, ना वॉरंटी ना इथलं ईशॉप (गेमचं ऑनलाइन दुकान). त्यापेक्षा आरओजी अलाय बघा, असूसचं विंडोजवर चालणारं हातातलं गेमयंत्र. जुलै २०२३ मध्ये इथे ६९,९९० ला अधिकृत आला, बिल मिळतं, सर्व्हिस सेंटर आहे. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेमचे भाव रुपयांत, सेल लागला की मातीमोल.

अपडाऊनवाली :

निवांतजी, बघितला होता. ६०८ ग्रॅम, ४० वॅट-अवरची बॅटरी आणि वर विंडोज. गाडी सुटायच्या शिट्टीला अपडेट सुरू झालं तर? लॅबमधला कॉम्प्युटर दिवसभर तेच करतो, आणखी एक नको. शिवाय माझी कार्ट्रिज कुठं घालू?

सेल आणि वॉरंटीचा मुद्दा मात्र खरा आहे, तो खोडत नाही.

सोल्डरवाला दादा, पाठ सपाट आहे, डुगडुगत नाही. मैत्रिणीची पॉवर बँक लावून बघितली. संभाजीनगरपर्यंत एकदाही बंद पडला नाही. कॅलिब्रेशन केलं, पण दुसऱ्या दिवशी गडी परत कड्याकडं निघाला.

मांजराकाठ :

ताई, मग दुरुस्तीच करा. गोदातीर भाऊंचा बॅटरीचा मुद्दा मान्य, मीही लातूरहून मुंबईला निघालो की पॉवर बँक सोबतच ठेवतो. पण भाच्यांसाठी पुढं कधी स्विच २ घ्यायचा झालाच तर हे ऐकून ठेवा, कारण त्या दुकानदाराचं "बघू की नंतर" मला खटकलं.

जपानमध्ये स्विच २ चं एक स्वस्त मॉडेल विकतात, २०२५ मध्ये आलं तेव्हा ४९,९८० येनला होतं. त्यात फक्त जपानी भाषा चालते आणि फक्त जपानचंच खातं जोडता येतं. सेटिंगमध्ये भाषा बदलायची सोयच नाही. ते इकडं आणून "इम्पोर्टेड, स्वस्तात" म्हणून गळ्यात मारणारे आहेत. अमेरिकेत २०२५ मध्ये आला तेव्हा भाव ४४९.९९ डॉलर होता, त्याचे रुपये करून बघा. कुणी फारच खाली सांगत असेल तर दुकानातच डबा उघडायला लावा, चालू करायला लावा आणि भाषांच्या यादीत इंग्रजी दिसल्याशिवाय पैसे काढू नका. बिल नाही तर व्यवहार नाही.

दुसरं, तुमचं जुनं मेमरी कार्ड त्यात गेमसाठी चालणार नाही. त्याला मायक्रोएसडी एक्सप्रेस हे नव्या, जलद जातीचं कार्डच लागतं. साध्या कार्डावरून फोटो-व्हिडिओ तेवढे उतरवता येतात.

तिसरं, जुना विकायची घाई करू नका. तुमची सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) कार्ट्रिजमध्ये नसते, यंत्राच्या पोटात असते. हलवाहलव होईपर्यंत दोन्ही जवळ पाहिजेत.

अपडाऊनवाली :

विकायचा विचारच नाही. समजा दोन्ही ठेवले, गाडीत जुना आणि घरी नवा, तर कार्ट्रिज इकडून तिकडं चालेल का? खेळ जिथं थांबवला तिथूनच पुढं जाईल का?

गोदातीर :

जुनी कार्ट्रिज दोन्हींत चालतील. स्विच २ साठीच काढलेली जुन्यात चालत नाहीत. सेव्ह आपोआप जाणार नाही. दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून सेटिंगमधून दर वेळी पाठवावी लागते, नाहीतर ऑनलाइनची वर्गणी भरून क्लाउडवर ठेवायची. आणि सगळेच गेम क्लाउडला राजी नसतात. रोज संध्याकाळी हे कामून करायचं? मी तर गाडीचे गेम वेगळे आणि घरचे वेगळे ठेवले असते.

अपडाऊनवाली :

हे पटलं. तशीही गाडीत मला लहान लहान टप्प्यांचेच गेम बरे पडतात. झेल्डा काढला की मुकुंदवाडी कधी गेलं कळत नाही आणि मग उतरताना धांदल.

तर असं करते : बॅटरी आणि हॉल इफेक्टची स्टिक मी स्वतः मागवते, शनिवारी अर्धी सुट्टी आहे तेव्हा संभाजीनगरात बसवून घेते. कॉलेजजवळ एक मुलगा मोबाईलचे बोर्ड दुरुस्त करतो. त्याला आधी फोन करून तीन पाकळ्यांचं पातं आहे का विचारलं. म्हणाला, "ताई, आहे, पण आजवर कुणी विचारलं नव्हतं." ओएलईडी रद्द, कारण चिप तीच असेल तर दुरुस्त केलेलाही मला चालतो. स्विच २ दिवाळीच्या तोंडावर, तोही बिल देणारा दुकानदार सापडला तरच. उरलेल्या बोनसचं काय ते फ्रिजवाल्या पक्षाशी बोलून ठरवते.

सगळ्यांचे आभार. काम झालं की इथेच कळवते.

सोल्डरवाला :

बॅटरी आली की बसवायच्या आधी वरची तारीख बघा. वर्षानुवर्षं गोदामात पडलेली असली तर परत करा. आणि बसवल्यावर पहिल्यांदा पूर्ण चार्ज करून मगच टक्क्यांवर विश्वास ठेवा.

निवांत :

ताई, स्विच २ घेतलाच तर जुन्या कार्ट्रिजमधली काही विकणार का? भाव सांगा.

अपडाऊनवाली :

अहो, आत्ताच तर स्विचला शिव्या देत होतात! विकायची नाहीत. अदलाबदल चालेल, जालना स्टेशनवर, सकाळच्या गाडीला.