मदत हवी आहे: विटेच्या प्रिझमची ताकद निम्मीच येतेय, गुरुवारी गाईडना दाखवायचंय

चिकोडीचा_पोरगा
एम.टेक.चं शेवटचं सेमिस्टर. विटेचे पाच थरांचे प्रिझम (मालानं एकावर एक जोडलेल्या विटांचे नमुने) मशीनमध्ये दाबले. तीन फोडले: २८, ४१ आणि २२ किलोन्यूटन. वीट २३० × ११०, म्हणजे सरासरी जेमतेम १.२ न्यूटन प्रति चौ.मिमी. सुटी वीट ६.२ देते, विटा जोडायच्या मालाचे क्यूब ४. वीट आणि मालाच्या ताकदीवरून अंदाज देणाऱ्या कौशिक-राय-जैन यांच्या २००७ च्या सूत्रानं २.४ यायला पाहिजे. कुठं चुकतंय? तीन प्रिझम शिल्लक आहेत, ते फुकट घालवायचे नाहीत. लवकर सांगा.

गवंड्याचा_नातू
विटा भिजवल्या होत्यास काय? आपल्या भट्टीची वीट पाणी पितेय बघ. कोरडी लावली की मालातलं पाणी ओढून घेते आणि उन्हाळ्यात जोडाचा भुगा होतो. तुझा क्यूब लोखंडी साच्यात, त्याचं पाणी कोण पिणार? आजोबा वीट पिंपात टाकायचे, बुडबुडे थांबले की बाहेर.

टिळकवाडी_निवृत्त
भिजवण्याचं एवढं कौतुक नको. जोडाची पकड कमी झाली तर मोठा फरक कातरबलात (आडव्या सरकवणाऱ्या जोरात) दिसतो, सरळ दाबात तेवढा नाही. आधी माहिती द्या. मालाचं प्रमाण? किती दिवसांनी फोडलं? दाबताना प्रिझमच्या वर-खाली दोन्हीकडं प्लायवूड होतं का? उंची? विटांच्या बांधकामाचं भारतीय मानक आयएस १९०५ (१९८७), त्याप्रमाणं उंची ४० सेंमीपेक्षा कमी नको, उंची आणि जाडीचं गुणोत्तर २ ते ५. ते ५ पेक्षा कमी असेल तर दुरुस्ती गुणक लावायचा. लावलात?

चिकोडीचा_पोरगा
सिमेंट-वाळू १:६. २८ दिवस. ४१.५ सेंमी. प्लायवूड वर होतं, खाली नाही. गुणक लावला तर आकडा अजून खाली जाईल की सर! विटा मामांच्या गवंड्यानं लावल्या, भिजवल्या असतील.

गवंड्याचा_नातू
असतील??

टिळकवाडी_निवृत्त
गुणोत्तर ३.७७, गुणक साधारण ०.९३. म्हणजे १.१. कमी होतो म्हणून लावायचा नाही, असं नसतं.

ब्लॉकवाले_उद्यमबाग
विटेचा नाद सोडा की. एएसी (हलक्या काँक्रीटचे) ब्लॉक घ्या, सगळे एकसारखे येतात. रेट हवा असेल तर मेसेज करा.

खानापूरकर
त्यापेक्षा जांभा घे. जांभ्याच्या मानकात, आयएस ३६२० मध्ये, ३.५ न्यूटन प्रति चौ.मिमी किमान मागितलेत. आमचं घर जांभ्याचं, चौथी पिढी राहतेय.

चिकोडीचा_पोरगा
खानापूरकर, सिनॉप्सिसमध्ये वीट लिहून दिलीय. आता विषय बदलत नाहीत.

शून्य_रोध
मी फिजिक्सचा, विटेतलं कळत नाही. आम्ही वायबीसीओच्या (खूप थंड केला की विजेचा रोध शून्य होणारा पदार्थ, म्हणजे सुपरकंडक्टर) गोळ्या द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला, बुडवतो. रोध शून्याकडं घसरायला लागला की आनंद नंतर, आधी मीटरवर संशय. व्होल्टेज इतकं बारीक असतं की मीटरचा स्वतःचाच गोंगाट त्यापेक्षा मोठा. तुमचं मशीन किती क्षमतेचं?

खानापूरकर
ते २०२३ मध्ये कोरियावाल्यांचं एलके-९९ आलं होतं, साध्या तापमानाला सुपरकंडक्टर म्हणून. खरं निघालं का ओ?

शून्य_रोध
नाही. नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती. रोधातली ती मोठी घसरण तिचीच.

टिळकवाडी_निवृत्त
धागा विटांचा आहे. पण मशीनचा प्रश्न बरोबर आहे, तो मीच आधी विचारायला हवा होता.

चिकोडीचा_पोरगा
लॅबमधलं नेहमीचं, २००० किलोन्यूटन. काँक्रीटचे क्यूब त्यावरच फोडतात. दाखला बघून आलो, कॅलिब्रेशन (आकडे बरोबर असल्याची तपासणी) २०० किलोन्यूटनपासून पुढं आहे.

टिळकवाडी_निवृत्त
अहो, ऊस तोलायच्या काट्यावर सोनं तोलताय! एम २५ काँक्रीटचा क्यूब ५६० किलोन्यूटनच्या आसपास जातो, त्याला ते मशीन ठीक. २२ आणि ४१ मधला फरक विटांचा की काट्याचा, कोण सांगणार? सुटी वीट कशावर फोडलीत?

चिकोडीचा_पोरगा
त्याच्यावरच.

शून्य_रोध
६.२ गुणिले २५,३०० म्हणजे १५७ किलोन्यूटन. तेही २०० च्या खालीच. म्हणजे २.४ ची अपेक्षासुद्धा डळमळीत.

गवंड्याचा_नातू
थांबा सगळे. मामांचा गवंडी म्हणाला तो. प्रिझम बांधले कुठं?

चिकोडीचा_पोरगा
चिकोडीला, मामांच्या परड्यात. टेम्पोनं बेळगावला आणले. उभे राहत नव्हते म्हणून आडवे ठेवले, खाली पोती घातली होती. ते महत्त्वाचं आहे का?

गवंड्याचा_नातू
अरे देवा.

टिळकवाडी_निवृत्त
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं. उरलेले तीन आताच फोडू नका. त्यांच्यावरून ओल्या फडक्यानं हात फिरवा आणि वाळू द्या. वीट वाळते, भेग मागे ओली राहते. जोडांवर नजर ठेवा.

चिकोडीचा_पोरगा
केलं. एकाला काही दिसत नाही. दोघांना मधल्या जोडाला आरपार ओली रेघ, नखानं खरवडलं तर माल पिठासारखा सुटतोय.

गवंड्याचा_नातू
म्हणजे न भिजवता लावल्यात. मी सांगत होतो.

टिळकवाडी_निवृत्त
आणि आडवे नेले म्हणून तुटले. दोन्ही. गाईडना गुरुवारी हे सगळं सरळ सांगा, फोटो दाखवा. नवे सहा लॅबच्या आवारातच बांधा, आणि कमी क्षमतेचं मशीन किंवा प्रूव्हिंग रिंग (छोटा भार अचूक मोजायचं कडं) मिळते का विचारा.

चिकोडीचा_पोरगा
मामांना फोन केला. गवंडी म्हणतोय विटा भिजवायला पाणीच नव्हतं. नवे बांधले तर परत २८ दिवस. सबमिशनला २५ उरलेत.

ब्लॉकवाले_उद्यमबाग
एएसी ब्लॉक तयारच येतात ओ.