मदत हवी आहे : कर्नल ६४ बिटचे, बाकी प्रणाली ३२ बिटची

नमस्कार. नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत पानांचा ओलावा नोंदवण्यासाठी १ जीबी मेमरीचा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक बसवला आहे. डाऊनी या द्राक्षांवरील रोगासाठीची फवारणी या नोंदींवरच ठरते.

त्यावर ३२ बिटची रास्पबेरी पाय ओएस ही कार्यप्रणाली आहे, परंतु २०२३ पासूनच्या फर्मवेअरमुळे (यंत्र सुरू करणाऱ्या अंतर्गत सॉफ्टवेअरमुळे) कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मात्र ६४ बिटचे सुरू होते. त्यामुळे ‘युनेम -एम’ ही आज्ञा ‘एआर्च६४’ (म्हणजे ६४ बिट) असे उत्तर देते, तर ‘डीपीकेजी’ हे पॅकेज बसवणारे साधन ‘आर्मएचएफ’ (म्हणजे ३२ बिट) सांगते. नोंदी पाठवणाऱ्या प्रोग्रामची इन्स्टॉल स्क्रिप्ट केवळ पहिले उत्तर पाहून ६४ बिटची बायनरी (चालवण्याजोगी तयार फाइल) उतरवते आणि ती चालवताना, फाइल समोर दिसत असूनही, ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येतो. प्रत्यक्षात सापडत नसतो तो तिला लागणारा ६४ बिटचा लोडर (प्रोग्राम सुरू करून देणारा भाग), म्हणून हा संदेश फार दिशाभूल करणारा आहे.

‘लिनक्स३२’ या, यंत्र ३२ बिटचे असल्याचे भासवणाऱ्या आज्ञेखाली स्क्रिप्ट चालवल्यास उत्तर ‘आर्मव्ही८एल’ येते आणि तेही तिला ओळखता येत नाही. ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘आर्म_६४बिट=०’ लिहून ३२ बिटचे कर्नल घेणे मला सर्वांत सरळ वाटते. ज्यांनी असे यंत्र शेतात दीर्घकाळ चालवले आहे, त्यांनी कृपया सांगावे : हाच मार्ग टिकाऊ आहे, की १ जीबी मेमरीतही संपूर्ण ६४ बिटची प्रणाली नव्याने टाकणे अधिक योग्य ठरेल?