देवकुंड धबधबा: वाटाड्या घ्यावाच लागतो का? घेतला तर काय काय विचारून घ्यायचं?

प्रश्न – पायवाट_पुणे

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून देवकुंडला जायचं ठरतंय. आम्ही नऊ जण आहोत. त्यात 62 वर्षांचे काका (एक गुडघा थोडा दुखतो) आणि 11 वर्षांचा मुलगा. बाकीचे राजगड-तोरणा केलेले. जीपीएसचा ट्रॅक मोबाईलमध्ये उतरवून घेतला आहे.

1. स्थानिक गाईड खरंच सक्तीचा आहे का? ट्रॅक असताना त्याचा उपयोग काय?
2. काकांना कुठपर्यंत नेता येईल?
3. कुंडात उतरू देतात का? पोरांचा तोच मुख्य हट्ट आहे.
4. पावसाळ्यातच का जाऊ नये, असं घरातले दोघे म्हणताहेत. त्यांना काय सांगू?

---

घाटवाट

हो, सक्तीचा आहे. पायथ्याच्या भिरा गावात गाडी लावली की तिथल्या समितीकडे नावं नोंदवायची, पावती घ्यायची आणि वाटाड्या सोबत घेऊनच निघायचं. पैसे देताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: पार्किंग, माणशी प्रवेश आणि गाईडचं मानधन. गाईडचे पैसे माणशी नसून ग्रुपमागे असतील, तर किती जणांपर्यंत एक गाईड, हेही तिथेच स्पष्ट करून घ्या. एखाद्या ट्रेक-ग्रुपबरोबर पैसे भरून जाणार असाल, तर यातलं काय त्यांच्या रकमेत धरलंय ते आधीच विचारा. भिऱ्यात सकाळी सात वाजता त्यावरून वाद घालण्यात अर्थ नसतो.

ट्रॅकबद्दल. वाट साधारण सहा किलोमीटर, एका बाजूने दोन ते अडीच तास. सुरुवातीचा भाग भिरा धरणाच्या पाण्याच्या कडेने, जवळजवळ सपाट. तिथे कोणी चुकत नाही. पुढे जंगल लागतं, ओढा ओलांडावा लागतो आणि शेवटचा अर्धा तास मोठ्या दगडांतून चढ. गडबड या शेवटच्या दोन टप्प्यांत होते. ओढ्यावरचा लाकडी साकव पुरात गेला की ओलांडायची जागा बदलते, आणि तुमच्या ट्रॅकवरची रेघ मात्र जुन्याच जागी असते. शिवाय दोन्ही बाजूंना कडे चढत गेल्यावर मोबाईल आकाश कमी बघतो, मग ठिपका तीस-चाळीस मीटर इकडेतिकडे उडतो. घळीत तेवढं अंतर म्हणजे ओढ्याचा दुसरा काठ.

पण वाट दाखवणं हे वाटाड्याचं दुय्यम काम आहे. आज ओढा पार करायचा की नाही, केला तर परत कधी फिरायचं, हा निर्णय त्याचा. त्यासाठीच तो हवा. त्या ओढ्याला काल किती पाणी होतं हे मोबाईलला माहीत नसतं, त्याला असतं.

निघण्यापूर्वी त्याला विचारायचं:

– काल आणि परवा माथ्यावर पाऊस होता का?
– ओढा आज कुठून ओलांडायचा, पाणी कुठपर्यंत आहे?
– किती वाजता परत फिरायचं?
– सगळ्यात मागे कोण चालणार?

शेवटचा प्रश्न लोक विसरतात. गाईड पुढे असतो, त्यामुळे मागे तुमच्यातलाच एक अनुभवी माणूस ठेवा. ओढ्याच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा डोकी मोजा.

---

कातळकडा

काकांबद्दल. चढताना गुडघा फारसा बोलत नाही, दगडांवरून उतरताना बोलतो. म्हणून शेवटच्या अर्ध्या तासाचा चढ "हळूहळू जमेल" असं म्हणून सुरू करू नका, कारण तोच टप्पा परतीला थकल्या पायांनी उतरायचा असतो. धरणाच्या कडेची वाट आणि पुढचं सावलीतलं जंगल त्यांना आरामात जमेल. ओढ्याच्या अलीकडे थांबणं उत्तम.

मात्र त्यांना एकटं थांबवू नका आणि "गाईड येईल परत" असंही नको. नऊ जणांचे दोन गट होणार असतील तर दोन गाईड घ्या. सकाळी नोंदणीच्या वेळीच तसं सांगा, वाटेत दुसरा माणूस मिळत नाही. दोन्ही गटांनी परत भेटायची जागा आणि वेळ तोंडी ठरवून घ्या, कारण आत मोबाईलला रेंज नाही असंच धरून चालायचं.

11 वर्षांचा मुलगा जाऊ शकतो. ओढ्यात त्याला मोठ्या माणसाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, उभं करू नका. मोठा माणूस प्रवाहाच्या बाजूला, मुलगा त्याच्या आडोशाला, हात मनगटाला धरून (बोटं निसटतात). पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर असेल तर मुलाला न्यायचंच नाही. सगळ्यांनीच ओलांडताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा. पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे, नाहीतर तीच तोंडावर पाडते. आणि दोर असेल तर तो हाताने धरायचा, कमरेला बांधायचा नाही. बांधलेला माणूस पडला की प्रवाह त्याला दोराच्या टोकाला धरून पाण्याखाली दाबतो.

बुटांचं: सोल गुळगुळीत झालेले जुने स्पोर्ट्स शूज नकोत. ओल्या, शेवाळलेल्या काळ्या दगडावर कुठलाच बूट शंभर टक्के धरत नाही, त्यामुळे पाऊल दगडाच्या माथ्यावर ठेवण्यापेक्षा दोन दगडांच्या खोबणीत ठेवायला मुलाला आधीच शिकवा. जीन्स नको, भिजली की मांड्या सोलते आणि वाळत नाही.

---

पाऊसपाणी

प्रश्न 3. कुंडात उतरू नका. गाईड नाही म्हणाला तर तिथे घासाघीस करू नका, आणि हो म्हणाला तरी उतरू नका.

कारण नीट समजून घ्या म्हणजे पोरांना सांगता येईल. तीन बाजूंनी कडे आणि वरून सरळ धार. धार पडते तिथे पाण्यात हवा मिसळून ते पांढरं, फेसाळ होतं. अशा पाण्याची घनता कमी, त्यामुळे ते माणसाला नेहमीसारखं वर उचलत नाही. स्विमिंग टँकमध्ये उत्तम पोहणारा इथे हात मारतो आणि वर येत नाही, ते यामुळे. दुसरं, पडणारं पाणी तळाला जाऊन उलटं फिरतं. काठाजवळ पृष्ठभाग शांत दिसतो, पण प्रवाह पुन्हा धारेखाली ओढून नेतो. तिसरं, काठ उतरता नाही. दोन पावलं कमरेएवढं आणि तिसऱ्या पावलाला पायाखाली काही नाही. चौथं, पाणी थंड. चालून तापलेल्या अंगाने एकदम उडी मारली की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या वेळी नाक पाण्याखाली असतं.

लाईफ जॅकेट असलं तरी फेसाळ पाण्यात त्याची तरंगण्याची ताकद कमी होते. म्हणून "जॅकेट घेऊन जाऊ" हा उपाय नाही. इथे माणसं बुडाली आहेत, आणि बरेच जण पोहता येणारे असतात.

पोरांना भिजायचंच असेल तर गाईडला विचारून कुंडाच्या खाली, ओढ्याच्या उथळ भागात बसवा. तेही माथ्यावर ढग नसतील तेव्हाच. धरणाच्या पाण्यात मात्र नको. सपाट, शांत, अगदी बोलावणारं दिसतं, पण काठाला गाळ आहे. शिवाय मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून या तलावात येतं, त्यामुळे विजेच्या मागणीप्रमाणे पातळी हलते. पाऊस नसतानाही.

---

सह्याद्रीकर_84

चौथ्या प्रश्नाचं उत्तर माथ्यावर आहे. देवकुंडात येणारं पाणी प्लस व्हॅली (ताम्हिणी घाटातली खोल दरी) आणि ताम्हिणीच्या माथ्याकडून येतं. ताम्हिणीत जुलै 2024 मध्ये एका 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यात पावसाळ्याच्या चारही महिन्यांत मिळून साधारण जेवढा पडतो, त्याच्या जवळपास. तो सगळा घळीतून खाली येतो. भिऱ्यात ऊन पडलेलं असताना वर सर आलेली असू शकते आणि ओढा बघता बघता चढतो. मग होतं असं की लोक पलीकडे धबधब्याजवळ आणि परतीचा रस्ता पाण्याखाली.

लोंढा येण्यापूर्वीची लक्षणं गाईडच्या लक्षात तुमच्या आधी येतील, तरी माहीत असू द्या: स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागणं, पाला-काटक्या वाहत येणं, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसणं, आवाजात घरघर वाढणं. यातलं एक जरी दिसलं तरी सामान गोळा करत बसू नका. ओढ्याच्या दिशेने पळायचं नाही, बाजूच्या उंचावर चढायचं. अलीकडच्या काठावर जायला वेळ उरला आहे की नाही हे गाईड ठरवेल. अडकलात तर पाणी ओसरेपर्यंत थांबायचं. रात्र झाली तरी थांबायचं.

शिवाय पावसाळ्यात बहुतेकदा प्रशासनाचा बंदी आदेश असतो. पूर्वी कलम 144 म्हणायचे, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा नोंदतात. बंदीच्या काळात "मी आतल्या वाटेने नेतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याबरोबर जाऊ नका. काही झालं तर त्याची कुठेच नोंद नसते, म्हणून तुमचीही नसते.

नोव्हेंबरची निवड चांगली आहे. धार भरपूर, ओढा आटोक्यात. एकच धोका: परतीचा पाऊस किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा. निघायच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा रायगड आणि पुणे घाटमाथा, दोन्हींसाठी बघा. भिरा रायगडात असला तरी पाणी घाटावरून येतं.

---

पायवाट_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. कुंडात उतरणं रद्द, दोन गाईड घेतो, काका ओढ्याच्या अलीकडे थांबतील. शेवटचं: वेळापत्रक आणि जेवणाचं कसं करावं?

---

घाटवाट

चांदणी चौक – पिरंगुट – पौड – मुळशी – ताम्हिणी घाट, घाट उतरून विळ्याच्या अलीकडे उजवीकडे पाटणूस-भिरा. अडीच ते तीन तास धरा. डिझेल-पेट्रोल पिरंगुटलाच भरा. मुंबईचे कोणी येणार असतील तर त्यांना कोलाड – सुतारवाडी – विळे असं यायला सांगा.

पुण्याहून पहाटे साडेचारला निघा. आठपर्यंत चालायला सुरुवात, साडेदहाला धबधबा, साडेअकराला परत फिरायचं. काही अडलं तरी बारा ही शेवटची वेळ. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण घळीत आणि जंगलात उजेड त्याच्या बराच आधी जातो. तरी दोन टॉर्च सॅकमध्ये असू द्या. उशिरा पोचणाऱ्यांना आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. जमलं तर शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या सुट्ट्या टाळा. गर्दीत साकवाशी रांग लागते आणि तासभर तिथेच जातो.

पाणी माणशी दोन लिटर. ओआरएसची चार-पाच पाकिटं, क्रेप बँडेज, एका प्लॅस्टिक पिशवीत कोरडे कपडे. मदत लागली तर 112 आणि रुग्णवाहिकेला 108, पण फोन लागेल तो गावाकडे आल्यावर. मोठी दुखापत असेल तर माणगावचं उपजिल्हा रुग्णालय.

जेवण गावातल्या घरी सांगा. तांदळाची भाकरी, पिठलं, हवं तर गावठी कोंबडी. सकाळी निघतानाच शाकाहारी किती, मांसाहारी किती हा आकडा द्या आणि तीन वाजता परत येऊ असं सांगा. नऊ जणांचं जेवण आयत्या वेळी होत नाही. यायचं रद्द झालं तर फोन करून कळवा, त्या घरातला शिधा तुमच्या नावावर शिजतो.

---

कातळकडा

एक राहिलं. काकांसाठी सरळ वेताची काठी नको, खाली रबरी टोपण असलेली ट्रेकिंगची काठी घ्या, आणि उतरताना ती दोन-तीन इंच लांब करा. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात.