शब्द हवा: पंतप्रधानांची खुर्ची रिकामी!

बोरूबहाद्दर:
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी ब्रिटनमधल्या निवडणुका आणि टीव्ही या विषयावरचा लांबलचक लेख मराठीत आणतोय. गाडी बरी चालली होती, ती 'एम्प्टी-चेअर करणे' या क्रियापदापाशी अडली. एखादा पक्षनेता चर्चेला किंवा मुलाखतीला यायला कबूल होत नाही. वाहिनी कार्यक्रम रद्द करत नाही, उलट त्याची जागा तशीच ठेवते आणि ती कॅमेऱ्यात दाखवत राहते. नेत्याची व्हायची ती शोभा होते. मी लिहिलं, 'वाहिनीने पंतप्रधानांची खुर्ची रिकामी ठेवली.' संपादकांचा फोन: 'अहो, राजीनामा कधी दिला यांनी?'

त्यांना तरी काय बोलणार? आपल्याकडे पुढाऱ्याच्या संदर्भात खुर्ची म्हणजे सत्ताच. खुर्ची गेली, खुर्चीला चिकटून बसले, खुर्चीसाठी कायपण. अनेकवचन करावं तर 'रिकाम्या खुर्च्या' म्हणजे सभेला माणसं जमली नाहीत. दोन्ही अर्थ राजकारणातलेच, आणि मला हवा तो तिसरा. एकच सुटसुटीत क्रियापद मिळालं तर फार बरं होईल.

तिरकस:
दांडी मारणे. शाळेपासून वापरात आहे.

बोरूबहाद्दर:
दांडी नेता मारतो हो. वाहिनी त्याचं काय करते, त्याला शब्द हवाय.

खडीसाखर:
माझे वडील कोर्टात पट्टेवाले होते. पुकारा करूनही पक्षकार हजर झाला नाही की दावा 'एकतर्फी' चालायचा. तीच भाषा घ्या ना! 'वाहिनीने पुकारा केला आणि चर्चा एकतर्फी चालवली.'

टेम्सकाठचा:
खडीसाखरताई, पुकारा झकास आहे, पण एकतर्फी नको. इथे टीव्हीवर, विशेषतः निवडणुकीत, निःपक्षपातीपणाचे नियम कडक आहेत आणि ऑफकॉम ही नियामक संस्था त्यावर डोळा ठेवून असते. 'एकतर्फी' म्हणजे ज्या आरोपाला वाहिन्या भितात, तोच तुम्ही त्यांच्या माथी मारताय.

आणि बोरूबहाद्दर, तुमच्या लेखातला प्रसंग २०१९चा, चॅनल फोरचा असेल तर तिथे खुर्ची नव्हतीच! २८ नोव्हेंबरला हवामानबदलावर पक्षनेत्यांची चर्चा होती. कॉर्बिन, स्टर्जन, स्विन्सन वगैरे आले. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि ब्रेक्झिट पक्षाचे नायजेल फराज आले नाहीत. त्या दोघांच्या जागी बर्फात कोरलेले पृथ्वीगोल ठेवले होते, आणि चर्चा चालू असताना ते आपले टपटप गळत होते. जॉन्सनच्या बदल्यात त्यांचे मंत्री मायकेल गोव्ह दारात येऊन उभे, सोबत जॉन्सनचे वडीलसुद्धा. चर्चा पक्षनेत्यांची आहे म्हणून गोव्हना आत घेतलं नाही. जॉन्सनच्या पक्षाने ऑफकॉमकडे तक्रार केली, ती फेटाळली गेली. आता या बर्फाला काय 'खुर्ची रिकामी ठेवली' म्हणणार?

बोरूबहाद्दर:
प्रसंग तोच आणि लेखकाने क्रियापदही तेच वापरलंय. इंग्रजीला खुर्ची असली काय, नसली काय, चालतं. माझ्या संपादकांना चालणार नाही.

मोडीवाचक:
'रिक्तासन देणे' असा शब्द घडवता येईल. 'वाहिनीने पंतप्रधानांस रिक्तासन दिले.' अर्थ नेमका, आणि सत्तेच्या खुर्चीशी घोटाळा नाही.

तिरकस:
शवासन ऐकलंय, वज्रासन ऐकलंय. हे पाठीला चांगलं का?

मोडीवाचक:
हसा. 'महापौर' आणि 'दिनांक' हे सावरकरांनी दिलेले शब्द आज तुम्ही न हसता वापरता. शब्द आधी घडवावा लागतो, मग रुळतो.

वऱ्हाडी ठेचा:
काहून एवढा घोळ घालता राजेहो? मानूस भेला, आला नाही. 'टरकला' लिहा अन् मोकळे व्हा.

खडीसाखर:
टरकला मला आवडला. १९८३मध्ये पंतप्रधान थॅचरबाईंनी भर संसदेत विरोधी पक्षाच्या डेनिस हीलींना 'फ्रिट', म्हणजे घाबरलेला, म्हणून डिवचलं होतं, तुम्ही निवडणुकीला घाबरता म्हणून. 'फ्रिट' हा लिंकनशायरकडचा बोलीतला शब्द, बाई मूळच्या तिथल्या ग्रँथमच्या. एरवी इतकं घासूनपुसून बोलायच्या, पण तावात आल्यावर गावाकडचाच शब्द तोंडात आला. ठेचादादांचा 'भेला' त्याच जातीचा.

टेम्सकाठचा:
आणि याच बाईंनी १९७९मध्ये टीव्हीवर समोरासमोर यायला नकार दिला होता! तेव्हाचे पंतप्रधान कॅलहन तयार होते, विरोधात असलेल्या बाई नको म्हणाल्या. टरकल्या वगैरे काही नाही. मतचाचण्यांमध्ये पुढे होत्या, हातचं घालवायचं कशाला? १९६४मध्ये विरोधी पक्षनेते विल्सननी आव्हान दिलं तेव्हा पंतप्रधान डग्लस-होम यांनी टाळलं. २०१७मध्ये पंतप्रधान थेरेसा मे केंब्रिजच्या टीव्ही चर्चेला गेल्याच नाहीत, आपल्या मंत्री अँबर रड यांना पाठवलं. म्हणजे 'टरकला' ही विरोधकांची भाषा झाली. हिशेब करून न येणाऱ्याला दुसरा शब्द हवा.

१९९७मध्ये तर उलटं झालं. मागे पडलेल्या पंतप्रधान मेजरना चर्चा हवी होती, ती होईना. तर त्यांच्या पक्षाने कोंबडीचा पोशाख चढवलेला एक माणूस विरोधी पक्षनेते ब्लेअरच्या मागावर सोडला. जिथे ब्लेअरची सभा तिथे ही कोंबडी.

बोरूबहाद्दर:
ती कोंबडी माझ्याच वाट्याला आली आहे, पान चार. मराठी वाचकाला कशी कळणार सांगा? आपल्याकडे घाबरतो तो ससा. पाठीवर पान पडलं की आभाळ पडलं म्हणून पळतो.

वऱ्हाडी ठेचा:
कोंबडी म्हटलं की आमाले रस्सा आठवते. भेव नाही.

खडीसाखर:
कोंबडी कोंबडीच राहू द्या, तो खराच पोशाख होता. पुढे नुसतं 'म्हणजे ब्लेअर भित्री भागूबाई!' एवढं जोडा. तळटीप वाचते.

मोडीवाचक:
मेबाईंनी रडबाईंना पाठवणे यावरून खांडालग्न आठवले. नवरदेव मोहिमेवर अडकला की त्याची तलवार पाठवून मुहूर्त साधत. 'प्रॉक्सी'ला 'खांडा पाठवणे' का म्हणू नये?

तिरकस:
कारण तलवारीला मांडवात सहा जणांनी घेरून टोमणे मारल्याचं ऐकिवात नाही. त्या बिचाऱ्या रडबाईंना मारले.

बाकी न येण्याचे प्रकारच निघाले आहेत तर फ्रिज राहिला. २०१९, मतदानाच्या आदल्या दिवशी पहाटे जॉन्सन यॉर्कशरमध्ये पुडसी इथे दूधवाल्याबरोबर दूध वाटायला गेले. आयटीव्हीच्या सकाळच्या कार्यक्रमाचा वार्ताहर आडवा आला, मुलाखतीचं काय झालं विचारू लागला, आणि साहेब फ्रिजमध्ये शिरले. आपल्या पेपरांनी 'फ्रिजमध्ये लपले' असं छापलं. माझी आई आठवडाभर विचारत होती, एवढा मोठा माणूस भाजीच्या कप्प्यात मावला कसा?

टेम्सकाठचा:
दुधाच्या बाटल्यांची शीतखोली होती ती, चांगली आत चालत जाण्याएवढी. पक्षाचं म्हणणं असं की ते लपले नव्हते, दुसऱ्या मुलाखतीची तयारी करत होते.

खडीसाखर:
मग 'शीतखोलीत गेले' लिहा. पण त्यात मजा नाही, हे कबूल.

तिरकस:
नेता टीव्हीपासून पळतो त्याला दहा शब्द झाले. टीव्हीच्या मागे पळतो त्याला आपल्याकडे एकच आणि अस्सल: चमकोगिरी. बोरूबहाद्दर, लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते एड डेव्ही आहेत ना लेखात?

बोरूबहाद्दर:
आहेत, दोन पानं. २०२४च्या प्रचारात विंडरमिअर तलावात पॅडलबोर्डवरून धपाधप पडले, पाण्याच्या घसरगुंडीवरून आले, ईस्टबोर्नला बंजी उडी मारली. मूळ शब्द 'स्टंट' आहे. मी 'स्टंटबाजी' केलंय.

मोडीवाचक:
'स्टंटबाजी' आणि 'चमकोगिरी' दोन्ही संकरित. धातू मराठी, मधला 'ओ' हिंदी चालीचा, वर फारसी 'गिरी'.

तिरकस:
'मुलूखगिरी' तुमच्या मोडी कागदांत सापडते तेव्हा कशी हो चालते? तीही अरबी मुलूख आणि फारसी गिरीच.

मोडीवाचक:
तिला तीन शतकांची पुण्याई आहे.

तिरकस:
चमकोगिरीला तीनशे वर्षं द्या. फ्लेक्स तेवढे टिकले पाहिजेत.

टेम्सकाठचा:
मला मात्र डेव्हींना चमको म्हणणं पटत नाही. इथे पैसे मोजून टीव्हीवर राजकीय जाहिरात करता येत नाही, कायद्याने बंदी आहे. पक्षांना ठरावीक मोफत प्रक्षेपणं मिळतात, ती बघतो कोण? मग तिसऱ्या क्रमांकाच्या नेत्याने बातम्यांमध्ये यायचं कसं? पाण्यात पडायचं आणि ओल्या अंगाने तलावात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यावर बोलायचं. विंडरमिअर त्यासाठीच निवडलेलं होतं. ईस्टबोर्नला उडी मारतानाही निरोप होता की आयुष्यात कधी केलं नाही ते करा, आम्हाला मत द्या. चमकोला चमकणंच हवं असतं. इथे चमकण्याच्या पोटात मुद्दा होता.

खडीसाखर:
आणि फळलं ना! ७२ जागा आल्या, आधी ११ होत्या.

टेम्सकाठचा:
उडीमुळे आल्या असं म्हणता येत नाही, ताई. त्यांची मतं १२ टक्क्यांच्या आसपास, मागच्या वेळेएवढीच. निवडक मतदारसंघ धरून तिथे घाम गाळला, आणि पंतप्रधान सुनकचा पक्ष कोसळला. याच पक्षाच्या निक क्लेगनी २०१०मध्ये पहिल्यावहिल्या टीव्ही चर्चांमध्ये मैदान मारलं होतं. मतं २३ टक्के, जागा ५७, म्हणजे आधीपेक्षा पाच कमी. टीव्हीवर जिंकून जागा गमावल्या आणि तळ्यात पडून मिळवल्या, असा तो पक्ष.

बोरूबहाद्दर:
त्या २०१०च्या चर्चेला मी 'तिघांचा कलगीतुरा रंगला' असं लिहिलंय. हे तरी चालेल ना?

मोडीवाचक:
मुळीच नाही. माझे आजोबा तुरेवाल्यांच्या फडात डफ वाजवत. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला, आणि रात्रभर कवनातून सवालजवाब. समोरच्याचा सवाल त्याच मीटरमध्ये उलगडून वर आपला टाकायचा. वर्तमानपत्रांनी कोणत्याही दोन पुढाऱ्यांच्या बाचाबाचीला कलगीतुरा म्हणून त्याची पार रया घालवली आहे. आणि तेव्हाचे पंतप्रधान ब्राउनसाहेब तर 'मी निकशी सहमत आहे' म्हणत होते. प्रतिपक्षाला डुलून दाद देणारा शाहीर कोणत्या फडात टिकेल?

तिरकस:
आज 'मीटर' म्हणालात. छंद, वृत्त, काही नाही?

मोडीवाचक:
आजोबा मीटरच म्हणत.

खडीसाखर:
माझं एक राहिलं. सुनकनी २२ मे २०२४ला पावसात निवडणूक जाहीर केली, त्याचं तुम्ही काय केलंय? बहुतेक ठिकाणी 'पंतप्रधान चिंब भिजले' वाचलं. चिंब प्रेमिक भिजतात हो! तिथे बिचाऱ्याचा सूट खांद्यावर काळा पडत चाललेला, छत्री नाही, फाटकाबाहेरून कोणीतरी विरोधी पक्षाचं जुनं प्रचारगीत भोंग्यावर लावलेलं. त्याला 'भिजून गच्च झाले' म्हणतात.

वऱ्हाडी ठेचा:
वल्लेकच्च!

टेम्सकाठचा:
त्याच सुनकचं पुढचंही बघा. ६ जूनला फ्रान्सच्या नॉर्मंडीत डी-डेच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचं सैन्य तिथे उतरलं त्या दिवसाच्या, ८०व्या स्मरणदिनाचा मुख्य सोहळा अर्धवट टाकून ते परतले आणि आयटीव्हीला मुलाखत दिली. दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली. जॉन्सनची शोभा झाली टीव्हीला दांडी मारली म्हणून, सुनकची टीव्हीसाठी दांडी मारली म्हणून.

आणि एक शब्द अजून कोणी काढला नाही याचं नवल वाटतं. निवडणूक लागली की इथल्या सरकारी खात्यांनी नव्या घोषणा वगैरे टाळायच्या, त्या काळाला बोलताना सर्रास 'पर्दा' म्हणतात. आपलाच पडदा! सरकारी कागदांवर हल्ली 'निवडणूकपूर्व काळ' लिहितात, पण कचेरीत अजून पर्दाच.

बोरूबहाद्दर:
लेखात आहे. 'आचारसंहिता' केलंय.

मोडीवाचक:
आचारसंहिता पक्षांना आणि उमेदवारांनाही लागते, तो पर्दा सरकारी यंत्रणेपुरता दिसतो. मराठीत त्याला जुना शब्द आहे, गोषा. 'सरकार गोषात गेले.'

तिरकस:
संस्कृत आसनावरून थेट फारसी गोषात? मोडीवाचक, सांभाळा.

बोरूबहाद्दर:
मंडळी, अंक छपाईला गेला. तुमचं एकही क्रियापद वापरलं नाही, संपादकांनी स्वतःच वाक्य केलं: 'पंतप्रधान न आल्याने त्यांच्या जागी बर्फ ठेवण्यात आला.'

तिरकस:
झालं! आधी राजीनामा, आता अंत्यदर्शन.

खडीसाखर:
'जागा मांडून ठेवली, पंतप्रधान फिरकलेच नाहीत' एवढं साधं लिहिलं असतं तरी भागलं असतं. जाऊ दे. खुर्ची हा शब्द मात्र मराठी आहे ना, का तोही बाहेरचा? आमचे मास्तर सांगायचे, खाटेला खूर असतात तसे हिलाही, खुरांवर उभी ती खुर्ची.

मोडीवाचक:
मास्तरांना नमस्कार, पण तो शब्द अरबी 'कुर्सी'. फारसीतून आपल्याकडे आला.

खडीसाखर:
मग हिंदीत 'क' राहिला आणि आपल्याकडेच 'ख' कसा झाला? खुरानेच ओढला असणार. बाहेरचा शब्द आला तरी लोक तो आपल्या ओळखीच्या शब्दाला टेकवूनच बोलतात.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्याकडे खाटेच्या पायाले खूरच म्हनते. मास्तर बरोबर हायेत.

मोडीवाचक:
खाटेच्या खुराबद्दल वादच नाही. वाद खुर्चीचा आहे. तुमच्याकडे खुर्चीच्या पायाला खूर म्हणतात का?

वऱ्हाडी ठेचा:
थांबा, बुढीले इचारून सांगतो.